डिझेल ओढतं

बोरिवलीपासून वांद्र्यापर्यंत अनवाणी गाडी चालवणारा एकच माणूस असेल, आणि ते माझे धाकटे दीर आहेत. दार उघडतानाच ते चप्पल काढतात आणि सीटखाली सरकवतात. "वहिनी, चपलेतून पाय आंधळा होतो. किती दाबलं ते कळत नाही, डिझेल फुकट जातं." गाडी सात माणसांची, डिझेलवरची, आणि एवढी थोरली की चारकोपला आमच्या सेक्टरमध्ये ती वळली की रिक्षावाले आधी बाजूला होतात आणि मग शिव्या देतात. अशी गाडी घेणारी माणसं सहसा डिझेलचा विचार करत नाहीत. भाऊजी दुसरा विचारच करत नाहीत.

लिटरला तेरा पूर्णांक चार, हे त्यांचं अ‍ॅव्हरेज. गाडीतल्या पडद्यावर आकडा दिसतो, पण त्यावर त्यांचा विश्वास नाही, "तो आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतो." खरं अ‍ॅव्हरेज टाकी गळ्यापर्यंत भरून काढायचं आणि वहीत लिहायचं. डिझेलला फेस येतो, म्हणून पंपावर सगळ्यांनी खाली उतरून गाडी दोन्ही बाजूंनी गदागदा हलवायची, फेस बसला की वर आणखी थोडं भरायचं आणि पुन्हा हलवायची. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला जाताना मी पैठणी नेसून हे काम केलेलं आहे. मागच्या टेम्पोवाल्याने विचारलं, "काय ताई, बंद पडली का?" माझी जाऊ म्हणाली, "गाडी ठीक आहे हो, मालक बिघडलाय." गावाला निघताना प्रत्येक बॅग ते ताणकाट्याला लावून बघतात. एकदा तर त्यांनी माझ्या नवऱ्याला, सख्ख्या थोरल्या भावाला, विचारलं होतं, "दादा, जेवून निघणार की पोचल्यावर जेवणार?"

त्यांचा दुसरा अभिमान गाडीच्या ताकदीचा. "पेट्रोल पळतं, वहिनी. डिझेल ओढतं." मागे ट्रॉली जोडायला त्यांनी एक लोखंडी गोळा बसवून घेतला होता. तो गंजू नये म्हणून महिन्यातून एकदा तेल लावायचं, आणि वर त्यांच्या लेकीची लहानपणीची गुलाबी लोकरीची टोपी घालायची. लेक नोकरीला लागली. टोपी गोळ्यावरच होती. गंमत अशी, की तेरा-चौदा वर्षांत त्या गोळ्याने काहीही ओढलं नव्हतं. शेजाऱ्याची गाडी पाण्यात बंद पडली तेव्हासुद्धा भाऊजींनी छत्री धरली, धक्का मारला, पण दोर बांधू दिला नाही. कारण ओढायला गेलं की अ‍ॅव्हरेज पडतं. दोन्ही अभिमान एकाच गाडीत राहत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

मग गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी खारदांड्याची कोळीण मावशी आमच्या फाटकाशी आली. बावीस वर्षं ती आमच्या बाजारात मासे विकते. तिच्या होडीचा तळ चिरला होता, म्हणून ती चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत दुरुस्तीला आणलेली. होडी तयार होती, ट्रॉलीवर चढवलेलीही होती. ओढणारा टेम्पो मात्र सकाळीच बिघडला, आणि सणामुळे दुसरा मिळेना.

"उद्या होरी किनाऱ्याला नसल, तं खलाशी दुसऱ्याचे होरीवर जातील," ती म्हणाली. "मंग माजा सगला हंगाम गेला." तिने गाडीच्या मागे जाऊन टोपीकडे पाहिलं. "काय रं दादूस, ही गारी वापराला ठेवलीस का बारशाला?"

भाऊजी वर गेले, आणि मला वाटलं, सबब शोधायला गेले. मी मनात पर्यायांची यादी सुरूही केली होती: क्रेनवाला, दूधवाल्याचा टेम्पो, भाच्याचा मित्र. पाच मिनिटांनी ते होडी आवळायचा ताणपट्टा आणि दोन लाल फडकी घेऊन उतरले आणि त्यांनी टोपी काढली.

मावशी पुढे बसली, आम्ही दोघी जावा मागे, आणि आमच्या मागे डोक्याएवढ्या उंचीवर होडीचं नाक. लिंक रोडवर लोक खिडक्यांतून वाकून बघत होते. पडद्यावरचा आकडा तेराचा नऊ झाला, मग सात. दर सिग्नलला इंजिन बंद करणारे भाऊजी आज ते चालू ठेवत होते, पण डोळे सारखे त्या आकड्यावर. जाऊ म्हणाली, "अहो, पुढे बघा ना! तो आकडा मरतोय, मरू दे. आपण नको." पुढे चढावर गाडी क्षणभर अडली. मावशीने दोन्ही हात जोडले. आकडा पाचवर आला. तेव्हा भाऊजींनी खिशातून गुलाबी टोपी काढली, पडद्यावर ओढून बसवली आणि अनवाणी पाय मनसोक्त दाबला. इंजिनाने असा काही आवाज काढला, जणू इतकी वर्षं ते घसाच साफ करत होतं.

होडी अंधार पडायच्या आत वाळूला लागली. खलाशी हसत धावत आले. मावशीने भाऊजींच्या हातात नारळ ठेवला. परतताना पंपावर टाकी भरली तेव्हा आम्ही दोघी सवयीने उतरून गाडीला हात लावून उभ्या राहिलो. भाऊजी म्हणाले, "राहू दे. फेस आपोआप बसेल." वहीत त्या दिवसाच्या रकान्यात त्यांनी आकडा लिहिला नाही. नुसतं लिहिलं, 'होडी पोचली.'

पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं होतील. आरटीओच्या तपासणीत पास झाली तर आणखी काही वर्षं मिळतील. माझ्या यादीत ते काम सगळ्यात वर आहे. मावशीने होडीसाठी यंदाही विचारून ठेवलंय. टोपी कपाटात गेली. गोळ्यावर आता ट्रॉलीने पाडलेला एक खोल ओरखडा आहे. मी म्हटलं, "भाऊजी, पॉलिश करून घ्या ना."

त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "नको, वहिनी. इतकी वर्षं किती नीट ठेवली मी ही गाडी," ते म्हणाले, "आणि दाखवायला एवढंच आहे."