हॉल त्यांचा, किचन आमचं

किस्से जमवावे लागत नाहीत हो, ते आपोआप जमतात. आमच्या पाखाडीतल्या क्रूसाच्या ओट्यावर मेणबत्त्यांचं मेण थरावर थर बसतं ना, तसे. संध्याकाळी कोणीतरी येऊन टेकतं, "ऐक ना, आज काय झालं" म्हणतं, की वाढला एक थर!

आमची पाखाडी, म्हणजे जुनी ख्रिस्ती वस्ती, अंधेरीत. चार गल्ल्या, एक विहीर, एक क्रूस आणि चहूकडून टॉवर. पण एवढ्याशा जागेवरून किती रेघा जातात ते विचारू नका. वॉर्डाची हद्द वेगळी, मतदारसंघाची वेगळी, चर्चच्या पॅरिशची, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या वस्तीची, आणखी वेगळी. माणूस दूध आणायला गेला तरी दोन हद्दी ओलांडून येतो. ओट्यावरचे आम्ही कायमचे चौघं: इनासमामा, मॅगीबाय, समोरच्या सोसायटीतले नातू आडनावाचे गृहस्थ आणि मी, शाळेतून रिटायर झालेला पीटर सर.

*

नातूंच्या सोसायटीतला माड वादळात पडला. बुंधा कंपाउंडच्या आत, शेंडा रस्त्याच्या पलीकडे. आणि त्या रस्त्यावरूनच वॉर्डाची हद्द जाते!

नातूंनी एका वॉर्डात फोन केला. "झाड कुठे पडलंय? पलीकडे? मग त्यांचं." दुसऱ्या वॉर्डात केला. "मुळं कुठे आहेत? तुमच्याकडे? मग त्यांचं." नातू बिचारे शिस्तीचे, दोन्हीकडे लेखी तक्रार देऊन आले. माड तसाच आडवा. रिक्षा वळसा घालून जायला लागल्या, पोरं त्यावर बसून वडापाव खायला लागली.

शेवटी कधीतरी दोन्ही वॉर्डांची माणसं एकाच सकाळी आली आणि आपापला अर्धा भाग कापून घेऊन गेली.

"आणि नारळ?" मी विचारलं.

नातू म्हणाले, "नारळांना हद्द नव्हती. ते पहिल्याच दिवशी गेले!"

*

मॅगीबायला अजून मुंबई पटलेली नाही. म्हणजे मुंबई आवडते, पण ती इथे आली आहे हे पटत नाही. फोर्टात जायचं असलं की नवी साडी नेसते, पर्स घेते आणि सांगते, "मुंबईला चाललंय, रात्रीला येईन." तिच्या लेखी माहीमची खाडी ओलांडल्याशिवाय मुंबई लागत नाही.

एकदा डोळे तपासायला मी तिला जवळच्याच दवाखान्यात घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजी, मुंबईत कुठे राहता?"

"मी मुंबईत राहत नाय."

मुलगी गोंधळली. "मग कुठे?"

"साष्टीत!" बायने ठणकावून सांगितलं. आता साष्टी म्हणजे ह्या अख्ख्या उपनगराच्या बेटाचं जुनं नाव. तिच्या आजीच्या तोंडी होतं, ते हिच्या तोंडी राहिलं. पण त्या पोरीला कुठून माहीत असणार!

पोरीने कॉम्प्युटरवरून मान वर न करता विचारलं, "साष्टी ईस्ट की वेस्ट?"

*

आता पॅरिशची गोष्ट. आधी आम्हा सगळ्यांचं एकच जुनं चर्च होतं. टॉवर वाढले, माणसं वाढली, रविवारी उभं राहायलाही जागा मिळेना. म्हणून नवीन चर्च झालं आणि पाखाडीच्या मधून जाणाऱ्या जुन्या नाल्यावर हद्द ठरली. नाल्याच्या अलीकडचे जुन्या पॅरिशचे, पलीकडचे नव्या. घरं जिथल्या तिथे, नाती जिथल्या तिथे, फक्त विहीर पलीकडे गेली.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बाजा वाजवत विहिरीचं पाणी आणायला जातात. मॅगीबायच्या नातवाचं लग्न. वरात नाचत विहिरीपाशी पोचली, तर पलीकडच्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या!

"विहीर आता आमच्या पॅरिशची हाय. असं कसं पाणी नेता?"

त्यांच्यातल्या अर्ध्या बायका मॅगीबायच्या भाच्या नि सुना. तीही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्या विहिरीवर मी तुझं लंगोट धुतलंय गं!"

बराच वेळ घासाघीस झाली. पाणी न्या, पण जेवायला आम्हाला बोलवा, अशी तडजोड निघाली. बायने मोठ्या मनाने हो म्हटलं. संध्याकाळी पलीकडचे झाडून सगळे आले, पाहुण्यांना घेऊन आले. पोर्क संपलं, तळलेले मैद्याचे फुगे संपले, नवरदेवाने शेवटी डाळभात खाल्ला.

मॅगीबाय रिकाम्या पातेल्याकडे बघत म्हणाली, "पाणी फुकट मिळालं, पण जेवणाची वाट लागली!"

*

क्रूस मात्र कोणाच्याच वाटणीला गेला नाही. मे महिन्यात तिथे रोज रोझरीची प्रार्थना होते. त्या वर्षी दोन्ही पॅरिशचे लोक एकाच वेळेला येऊन बसले. उठायचं कोणी? कोणीच उठेना! मग दोन्हीकडून एकदम "नमो मरिये" सुरू झालं, आणि हळूहळू आवाज चढायला लागले.

नातू आपल्या गॅलरीतून ऐकत होते. नंतर म्हणाले, "काय हो सर, आज देवाला स्टिरिओत ऐकवत होतात का?"

इनासमामा त्या दिवशी बरोबर मधोमध बसले होते. डावीकडच्यांच्या प्रार्थनेला उत्तर देत होते, उजवीकडच्यांच्याही देत होते. घाम पुसत मला म्हणाले, "माझं डब्बल पुण्य झालं रे!"

*

आणि ह्याच इनासमामांच्या घरातून हद्द गेली होती. त्यांच्या वडिलांनी जुना नाला झाकून त्यावरून हॉल पुढे काढला होता. त्यामुळे किचन जुन्या पॅरिशमध्ये आणि हॉल नव्या. दार हॉलला, म्हणून मामा नव्या पॅरिशचे ठरले.

ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं. लूसीमामी जुन्या चर्चच्या दफनभूमीत आहे. मामा दर रविवारी फुलं घेऊन तिच्याकडे जातात, आठवड्याच्या गोष्टी सांगतात. आपली जागा तिच्या शेजारी, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. पण नियम असा की जुनी दफनभूमी जुन्या पॅरिशमध्ये राहणाऱ्यांची. नव्यांना दुसरीकडे, लांब.

मामा जुन्या चर्चच्या फादरकडे गेले. "फादर, माणूस दारात राहतो की झोपतो तिथे?"

फादर हसले. "झोपतो तिथे, मामा."

दुसऱ्या दिवशी मामांनी पलंग किचनमध्ये नेला! सून शीला कपाळाला हात लावून म्हणाली, "पप्पा, मी फोडणी कुठे देऊ? तुमच्या उशीवर?" पण तिनेच ओट्याखालचे डबे हलवून जागा केली. तरी पलंग लांब पडला. पायाकडचा भाग दारातून हॉलमध्ये यायचा. शीला रोज त्याला अडखळायची आणि तशीच फोडणी द्यायला आत जायची.

ईस्टरनंतर नव्या चर्चचे तरुण फादर घराघरांना आशीर्वाद द्यायला निघाले. मी बरोबर होतो. मामांच्या हॉलमध्ये पवित्र पाणी शिंपडून ते वळले, तर समोर पलंगाचं टोक आणि त्यावर मामांचे दोन पाय. शीलाने सगळी कथा सांगितली. फादर खळखळून हसले.

"म्हणजे मामा, तुमचे पाय माझ्या पॅरिशमध्ये आहेत!"

"पाय तुम्ही ठेवून घ्या, फादर," मामा आतून म्हणाले. "बाकीचा लूसीकडे जाऊ दे."

आम्ही सगळे हसलो. मामा हसले नाहीत. मग कोणीच हसेना.

 पाण्याचं भांडं फादरांनी टीव्हीवरच्या क्रूसापाशी ठेवलं आणि वाकून किचनमध्ये पाहिलं.

"शीला, तो सिलिंडर जरा बाजूला घे," ते म्हणाले. "पीटर सर, तुम्ही आत जा, डोक्याकडची बाजू धरा."

त्यांनी झग्याच्या बाह्या वर केल्या, पलंगाचं टोक धरलं आणि म्हणाले,

"मामा, पाय वर घ्या."