आबा पाणी पीत नव्हते

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या साली माझे सासरे कडब्याच्या गंजीवरून पडले. वय सत्तरीचं, पण गंजीवर दुसरं कुणी चढलेलं त्यांना खपायचं नाही. पडले ते थेट उजव्या खुब्यावर. बैलगाडीत गोधड्या टाकून राहुरीला आणि तिथून टेम्पोतून नगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत या माणसाने हूं की चूं केलं नाही. सगळे त्यांचं कौतुक करत होते. मला मात्र धास्तीच वाटली. जो माणूस दुखतंय म्हणून सांगत नाही, तो आणखी काय काय पोटात ठेवील, कुणास ठाऊक.

डॉक्टरांनी पायाला पट्ट्या गुंडाळल्या, खाटेच्या टोकाला कप्पी बसवली आणि वजन म्हणून विटा टांगल्या. हाड जुळेपर्यंत असंच उताणं पडून राहायचं. मला आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन ते म्हणाले, "या वयात माणूस हाडानं जात नाही, पडून राहण्यानं जातो. खाऊ घाला, पाणी भरपूर पाजा. पाणी कमी पडलं तर मी काही करू शकणार नाही." नवरा साखर कारखान्यात, गळिताचा हंगाम ऐन भरात. सासूबाई केव्हाच गेलेल्या. दवाखान्यात राहणं माझ्याच वाट्याला आलं.

आबांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. ते ओसरीवर बसलेले असले की मी मागच्या दाराने जायची. आणि आता त्यांना लघवी-परसाकडचं भांडं मी द्यायचं होतं. वॉर्डबॉय सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी मारायचा. मधल्या वेळचं नातेवाइकांनी बघायचं, अशी तिथली रीत. पहिल्या दिवशी मी भांडं घेऊन गेले, तर आबांनी डोळे मिटून घेतले. "न्हाई लागलं," म्हणाले.

त्यांना कधीच लागत नव्हतं. मी तांब्या भरून ठेवायची, तो रिकामा व्हायचा आणि मी आपली खूश. शेवटी एका दुपारी शेजारच्या खाटेवरचा माणूस मला म्हणाला, "बाई, म्हातारबा पानी पीत न्हाईत. तुमी भाईर गेलात की खिडकीतनं वतून देत्यात."

मी वाकून पाहिलं. खिडकीखाली भिंतीला चांगली ओल आली होती. त्या सकाळी आबा बैलांना हाका मारत होते, ते मी ताप समजून सोडून दिलं होतं. आता जवळून बघितलं तर ओठांना भेगा, जीभ कोरडी ठक्क. मला इतका राग आला की रडूच फुटलं. "आबा, तुमच्या लेकाला मी काय तोंड दाखवू?"

"लेकीच्या वयाच्या बाईनं माझी घान काढायची?" ते म्हणाले. "त्यापरीस मेल्यालं बरं."

मी व्हरांड्यात येऊन रडत उभी राहिले. समोर बायकांचा वॉर्ड होता. त्याच्या दारात बेलापूरचे एक मास्तर बसलेले असायचे, ख्रिस्ती गृहस्थ. त्यांच्या आईचाही खुबाच मोडला होता, आणि बायको बाळंतीण, म्हणून आईपाशी ते एकटेच. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ते कसनुसं हसले. "माझी आई तरी काय वेगळं करते? मुलासमोर अब्रू घालवणार नाही म्हणते, आणि ओठ घट्ट मिटून प्रार्थना करत पडते."

मग आधी कोण बोललं ते आठवत नाही, पण बोली झाली. त्यांच्या आईचं मी करायचं, माझ्या सासऱ्यांचं त्यांनी.

"मास्तरानं भांडं उचलायचं?" आबांनी कुरकुर केली.

"आबा, मी पहिलीचा वर्ग घेतो. मला सगळ्याची सवय आहे," मास्तर म्हणाले. आबा हसले आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला. पलीकडे म्हातारी मला विचारायची, "तुझा सासरा पितो का गं पानी?" पितात म्हटलं की तीही प्यायची. मला त्या बाईचा फार लळा लागला.

पण तिची छाती भरत गेली. तिची चादर बदलायला मी पहाटे गेले, तेव्हा मास्तर तिचा हात धरून बसले होते आणि ती गेलेली होती. ते तिला बेलापूरला घेऊन गेले. मी आबांना सांगितलं. त्या दिवशी तांब्या भरलेला तसाच राहिला. मी पाया पडले, ओरडले, पण उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर दारात उभे. डोळे सुजलेले. "काल संध्याकाळी माती दिली," म्हणाले आणि खाटेखालचं भांडं उचलायला वाकले.

"अहो, आता कशाला? बोली संपली," मी म्हटलं.

"आबांचा पाय अजून टांगलेलाच आहे ना?"

आबांनी त्यांचं मनगट धरलं. "ठिवा ते. काल आई गेली तुमची. बसा हितं माझ्यापाशी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, पानी दे. आन भांडं तू घे."

पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी आबा घरी आले. एक पाय आखूड, हातात काठी, पण उंबरा ओलांडला तो आपल्या पायाने. पण मास्तर दवाखान्यात परत आले त्या सकाळी मी चादरीचा आडोसा केला आणि पदर खोचला. मास्तर आमच्याकडे पाठ करून स्टुलावर बसले होते, त्यांचे खांदे हलत होते, आणि माझं काम होईपर्यंत आबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.