वेणीकाकांचं बसकर

वेणीकाका उलटे चालायचे. घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्याला चिंध्यांच्या तीन पट्ट्या बांधायच्या, वेणी घालायला लागायचं आणि वेणी लांबेल तसतसं मागे सरकत लॉनच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं. फ्लॅट बुश या उपनगरात मी त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. एकदा कुंपणावरून म्हटलंही, "काका, बसून करा की!" मान वर न करता म्हणाले, "बसलं की डोकं चालायला लागतं. मला हात चालवायचेत."

काकू शिक्षिका, त्यांची सकाळची शाळा असायची, त्यामुळे लेक मुग्धाच्या लहानपणी तिच्या वेण्या काकाच घालत. तीच तिपेडी वेणी आता जुने पडदे, विटके टॉवेल आणि जावयाचे टी-शर्ट फाडून घालायची, गोल गुंडाळायची, जाड दोऱ्याने शिवायची, की झालं पायपुसणं. गल्लीतलं एक दार त्यांनी सोडलं नाही. कुणी कापडं आणून दिली की वेणीकाका अंगठा वर करून म्हणत, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. इंग्रजीत त्यांना तेवढंच मनापासून आवडायचं.

पण कापड हातात घेतलं की पहिला प्रश्न, "हे कुणाचं?" ते माणूस हयात नसेल तर कापड परत. "गेलेल्याच्या कपड्याची गोधडी करावी, अंगावर घ्यावी. पायाखाली घालू नये." गोधडी मात्र त्यांना येत नव्हती, ती काकूंची विद्या. आणि काकू तर मी सांगतेय त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेल्या होत्या.

काकूंचं सगळं आयुष्य "अहो, जरा टेका की" म्हणण्यात गेलं. हे चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे. काकू गेल्यावर तर जेवणही स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्यानेच. मुग्धा चिडायची, रडायची. मला एकदा काकाच म्हणाले, "बसलो की समोरची खुर्ची दिसते गं." कढीपत्ता तोडायला आले होते, तो घेऊन घरी गेले.

मग जावयाला वेलिंग्टनला नोकरी लागली, तिथून जवळच अप्पर हट गावात घर ठरलं आणि मुग्धाने खोकी भरायला घेतली. अडलं ते काकूंच्या कपाटापाशी. "ताई, मी काय करू सांग ना," ती माझ्याकडे येऊन म्हणाली. "आधीच हीप्स सामान आहे, नुसता ढीग. बाबा आईच्या साड्या बघत नाहीत आणि कुणाला देऊही देत नाहीत." वेणीकाका तेव्हा बाहेर भराभर मागे सरकत होते. त्या आठवड्यात वेणी इतकी घट्ट पडायची की पायपुसणी जमिनीवर सपाट बसेनात. शेवटी एका सकाळी ते आपणहून बोलले, "दे. जो जपेल त्याला दे." एक हिरवी इरकल गेली समोरच्या शर्लीकडे. ती काकूंची रोजची फिरायला जायची मैत्रीण.

शनिवारी शर्ली टोपली घेऊन आली. टोपलीत हिरव्या कापडाचे गुंडे. अख्खी साडी तिने एकसारख्या पट्ट्यांमध्ये फाडून आणली होती, काठ वेगळा गुंडाळून. कौतुकाने सांगत होती की तिच्या आईचा फ्रॉक असाच आजीच्या गालिच्यात गेला, त्यावर घरातली सगळी पोरं रांगली. तुमच्या बायकोलाही तुमच्या गालिच्यात राहायला आवडेल, नाही का? मुग्धाने तोंडावर हात ठेवला. काकांचा अंगठा वर आला. "स्वीट ॲज," ते म्हणाले.

शर्ली आनंदात निघून गेली. राग तरी कुणावर काढायचा? तिने तर जपलंच होतं, तिच्या रीतीने. काका दुपारभर रिकाम्या हातांनी लॉनवर येरझाऱ्या घालत राहिले. दुसऱ्या सकाळी पाहते तो कठड्याला हिरवी वेणी. मी तशीच धावले. "काका, काकूंची साडी पायाखाली?"

"पायाखाली नाही," ते म्हणाले आणि मागे सरकत राहिले.

निघायच्या दिवशी ट्रक सामान घेऊन पुढे गेला. घरात बसायला खुर्ची उरली नाही. मी चहा घेऊन गेले तर काका रिकाम्या हॉलमध्ये उभे, काखेत पिशवी. पिशवीतून त्यांनी एक हिरवं गोल काढलं, कडेने लाल काठ फिरवलेला. आकार जेमतेम एका माणसापुरता. पूर्वी पंगतीला मांडत तसं बसकर. ते त्यांनी उघड्या जमिनीवर नीट मांडलं, काठावरून हात फिरवला आणि मांडी घालून बसले. मी कप हातात दिला. इतक्या वर्षांत वेणीकाकांना बसून चहा पिताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला रडू आवरेना.

बाहेर हॉर्न वाजला. मुग्धा दारातून ओरडली, "बाबा, चला ना! फ्लाइट चुकेल!"

काकांनी चहाचा घोट घेतला.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "आत्ताच टेकलोय."