तळ्यात सोडलेली माती

"लय गोड पोरगी हाये. आपल्या पोरीवानी घुमी नाई."

बाबा फोनवर आईशी बोलत होते. मी पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन त्यांच्या मागे उभी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. समोर बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्याचं लाल दार होतं आणि तिथल्या खिडकीवर ती गोड पोरगी, म्हणजे आमची गाइड, आमचे पासपोर्ट दाखवत होती. तिला भेटून अर्धा तासही झाला नव्हता.

मी काही न ऐकल्यासारखं करून बाटली पुढे केली.

आम्ही तेलंगणातल्या आदिलाबादजवळच्या तामसीचे. बाबा तिथल्या मराठी शाळेत शिक्षक होते, यंदाच निवृत्त झाले. मी मात्र पाचवीपासून वसतिगृहात, इंग्रजी माध्यमात, आणि आता हैदराबादला नोकरीला. फोनवर आमचं बोलणं "जेवली का?" आणि "हो" एवढंच. म्हणून ही सहल मी एकटीने ठरवली होती. आईला विमानाची भीती, ती येणार नव्हती. आठ दिवस फक्त बाबा आणि मी. गाइड इंग्रजीत सांगेल, मी मराठीत सांगेन, बाबा मला प्रश्न विचारतील, असं चित्र मी महिनाभर मनात रंगवलं होतं.

पण आम्ही भारतीय म्हणून कंपनीने आपणहून हिंदी येणारी गाइड पाठवली. "नमस्ते चाचाजी, मेरा हिंदी नाम सरिता है," ती हात जोडून म्हणाली. विद्यापीठात हिंदी शिकताना प्रत्येकाला असं एक नाव देतात म्हणे. बाबा इतके खूश झाले की त्यांनी तिला तिथल्या तिथे सरिताबाई करून टाकलं. माझं काम पहिल्याच मिनिटाला संपलं.

आत शिरल्यावर जुनी झाडं, पिवळ्या कौलांची दालनं आणि मग छांगलांग (लांबच लांब झाकलेली ओसरी). तिच्या तुळयांवर हजारो चित्रं आहेत, पक्षी, डोंगर, गोष्टीतली माणसं, आणि एकही चित्र दुसऱ्यासारखं नाही. बाहेर फरशीवर एक म्हातारे गृहस्थ हातभर लांब ब्रश पाण्यात बुडवून अक्षरं काढत होते. उन्हाने पहिली ओळ वाळेपर्यंत त्यांची तिसरी ओळ सुरू असायची. बाबांना हे फार आवडलं. फळ्यावर तीस वर्षं लिहिलेला माणूस.

"तुम्ही पण लिहा ना," असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सरिताने त्या गृहस्थांना काहीतरी सांगून ब्रश बाबांच्या हातात दिलासुद्धा. बाबांनी मोठ्या अक्षरात 'तामसी' लिहिलं. फोटो मीच काढला. त्यात ती दोघं हसताहेत.

मी रागाने पुढे निघून गेले. ओसरीत झेंडे घेतलेल्या सहलींचे लोंढे होते. त्यांतल्या पिवळ्या टोप्यांच्या एका घोळक्यासोबत मी चुकून बरीच वाहत गेले. थांबून मागे पाहिलं तर बाबा नाहीत. मला शोधत घामाघूम होऊन आली ती सरिताच. "आप ठीक हैं न? चाचाजी बहुत चिंतित थे." तिचं हिंदी पुस्तकातलं होतं, माझ्यापेक्षा शुद्ध. तेही मला सहन झालं नाही.

दुपारी जेवायला गव्हाच्या जाड शेवया, वर काळसर मसाल्याचं मटण. काड्यांनी बाबांची शेवई तीनदा ताटलीत घसरली. मग त्यांनी पिशवीतून आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी काढली आणि निम्मी सरिताच्या वाडग्यात ओतली.

"घ्या, घ्या सरिताबाई. हमारे घर की है."

तिने डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली आणि अजून मागितली. ती चटणी आठ दिवस पुरवायची असं आईने मला बजावलं होतं.

जेवणानंतर आम्ही खुनमिंग तलावाच्या काठी आलो. तलाव केवढा, तर पलीकडचा माणूस मुंगीएवढा दिसतो. मध्ये झाडी असलेलं एक बेट आहे आणि त्याच्यापर्यंत सतरा कमानींचा पांढरा पूल. सरिता सांगत होती, एका बादशहाने आपल्या आईच्या साठीसाठी ही बाग करवली, हजारो मजुरांनी तलाव हाताने खणून वाढवला आणि निघालेली माती मागच्या टेकडीवर चढवली.

बाबा बेटाकडे बघत होते. "ये टापू बनाया नहीं," ते म्हणाले. "ये छोडा है."

सरिता थांबलीच. "आपको कैसे पता? पहले वहाँ तक किनारा था। मंदिर था, इसलिए उतनी मिट्टी नहीं खोदी।"

"हमारे उधर ऐसाच छोडते," बाबा म्हणाले, आणि सांगू लागले. त्यांच्या आईने गावाकडच्या तलावावर खणायचं काम केलं होतं. त्यांनी स्वतःही दोन उन्हाळे टोपली उचलली होती. खणताना खड्ड्यात मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडायचा. साहेब येऊन त्यावरून खोली मोजायचा, तेव्हा मजुरांचं काम धरलं जायचं.

आजी शेतात कामाला जायची एवढंच मला माहीत होतं. बाबांनी टोपली उचलली, हे मला बीजिंगमध्ये कळत होतं, तेही दुसरीला सांगताना.

पुढे बाबांचं हिंदी अडलं. ते माझ्याकडे वळले आणि आपल्या बोलीत म्हणाले, "मोजणी झाली का तो खांब पाडा लागे. त्याच्या डोक्यावर पयलं गवत तसंच राहे. सगळी जमीन खाली गेली, तेवढीच वर. माही माय कुदळ मारायच्या आंधी त्याले हात जोडे. म्हणे, तू आमच्या मेहनतीचा गवाह होतास. हे मले हिंदीत नाई जमून राह्यलं. तू इंग्रजीत सांग तिले."

सरिता उत्सुकतेने माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी चांगलं येत होतं. आणि माझ्या डोक्यात सगळी वाक्यं तयार होती, एकही शब्द अडत नव्हता.

"मला नाही येत," मी म्हणाले.

बाबांचा चेहरा क्षणभर उतरला. मी त्यांच्या वर्गात नापास झाले असते तरी उतरला नसता तेवढा. मग लगेच त्यांनीच मला सांभाळून घेतलं. "असू दे. अवघडच हाये ते." आणि सरिताकडे वळून, "कुछ नहीं, सरिताबाई. ऐसेच."

नंतर आम्ही संगमरवरी नाव पाहिली, पूल ओलांडला, बेटावरही गेलो. निघताना सरिताने त्यांना वाकून नमस्कार केला. मी मान हलवली.

सरिता त्या एकाच दिवसापुरती होती. उरलेल्या दिवसांत बाबांनी मला काहीही इंग्रजीत सांगायला लावलं नाही. चीनच्या भिंतीवर चढताना, बाजारात, विमानतळावर ते खुणांनी भागवत होते. मला अडचणीत टाकायचं नाही, म्हणून. आता बाबा मला हवे तसे फक्त माझे होते, आणि आम्ही पुन्हा "जेवली का?" "हो" वर आलो होतो.

आदिलाबादहून तामसीच्या बसमध्ये आमच्या शेजारचे काका भेटले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. काकांनी मागच्या सीटवरून मान पुढे काढली.

"काय मास्तर, गेले होते मनते चीनले! मंग पोरीच्या इंग्रजीनं भागलं का तिकडं? का निरा मुक्यावानी हिंडले?"

"भागलं म्हंजे? सगळं तिनंच केलं," बाबा ताठ बसून म्हणाले. "माहं तर तिच्याबिगर पान नाई हाललं."

काका हसून मागे टेकले. बाबा खिडकीबाहेर बघू लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि ते का पाहत नाहीत हे मला कळलं: मला इंग्रजी येत नाही असं समजून ते माझी लाज झाकत होते. बस फाट्यावर वळली तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"बाबा, तलावापाशी मला सगळं सांगता येत होतं. आजीचं ते फक्त माझं असावं, सरितानं ऐकू नये, असं मला वाटलं."