तेल्हाऱ्याची पत्रिका आणि भरलेला इनबॉक्स

अकोल्याच्या एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचो. कापूस हातचा गेल्याची ती वर्षं. लोक लग्नं आटोपती घेत, पत्रिका एका रंगात काढत. घाई मात्र तेवढीच.

तेल्हाऱ्याच्या एका गृहस्थांच्या मुलीची पत्रिका त्या दिवशी हवी होती. पाचला ते स्वतः न्यायला येणार होते. मजकूर त्यांनी आदल्या दिवशी मेल केलेला, आणि आमचा मेलचा प्रोग्राम सकाळपासून एकच तुणतुणं वाजवत होता: इनबॉक्स भरला आहे. नवा मेल उतरेना, तरी मी फोनच्याच लाईनवर चालणारं इंटरनेट जोडून बसलो होतो.

भरणार नाही तर काय! आमचे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणत, एक मेल पुसू देत नसत. मोठीची पत्रिका धाकटीला चालते, नावं तेवढी बदलायची, हा त्यांचा शिरस्ता.

"काहून पुसून राहिला बे? तिच्या बहिणीचं लगन निघालं तं?"

"चाचा, आज हिचंच अडलं हाये ना!"

दुपारी ते नमाजला गेले आणि मी सपासप पुसत सुटलो. शेकडो मेल गेले, तरी तेच तुणतुणं. डोकं फिरलं. ओळखीच्या कॉम्प्युटर मेकॅनिकला गाठून विचारलं, तेव्हा कळलं की पुसलेले मेल दुसऱ्या फोल्डरात जाऊन बसतात. तेही पुसायचे, मग फाईल कॉम्पॅक्ट, म्हणजे आवळून लहान, करायची, तेव्हा कुठे जागा होते. हे त्या ठोंब्या प्रोग्रामला आधी सांगता येत नव्हतं?

मेल एकेक उतरू लागले. तेल्हाऱ्याचा मजकूर दिसताच मी इंटरनेट तोडलं. बाकीचे गेले खड्ड्यात.

पाचला गठ्ठे बांधून तयार होते. गृहस्थांचा पत्ता नाही. सहा वाजले. दिवसभराचा राग उफाळून आला. "लोकाइले कदरच नाही," असं चाचांना ऐकवत मी एक झणझणीत मेल लिहायला घेतला आणि पुन्हा इंटरनेट जोडलं. सकाळी आलेला त्यांचा दुसरा मेल उतरला.

"आज पहाटे आमचे वडील गेले. लग्न पुढे ढकललं आहे. पत्रिका छापू नका. कधीपासून फोन लावतो आहे, तुमची लाईन एंगेजच येते."

सकाळभर ती लाईन मीच अडवून धरली होती. गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रिकेवर निमंत्रक म्हणून त्यांच्या वडिलांचं नाव पहिलं होतं, मीच ठळक अक्षरांत जुळवलेलं.

माझा अर्धवट मेल मी पुसला. चाचांनी या वेळी अडवलं नाही.