ताऱ्यासमोरून गेलेला तपकिरी बटू

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी संस्थेचं हॉस्टेल सोडून काही आठवडे सिल्व्हर पार्कच्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले. दोन हजारचं दशक संपत आलं होतं. मी खगोलशास्त्रात पीएचडी करत होते. अवकाशातल्या दुर्बिणीने मोजलेल्या ताऱ्यांच्या उजेडाचे आकडे माझ्याकडे यायचे. एखाद्या ताऱ्याचा उजेड ठरावीक काळाने किंचित कमी होतोय का, ते मी शोधायचे. तसं दिसलं, तर त्याच्यासमोरून काहीतरी जातंय, बहुतेक ग्रह.

असा एक तारा मला सापडला होता. माझ्या सरांना तो पटला नव्हता, पण मी हट्ट धरला, म्हणून त्यांनी परदेशातल्या एका सहकाऱ्याला तो मोठ्या दुर्बिणीतून तपासायला सांगितलं. ग्रह फिरताना ताऱ्यालाही जरासा हलवतो. किती हलवतो, त्यावरून ग्रहाचं वजन काढता येतं.

एका सकाळी आईचा व्यायाम चालला असताना सहकाऱ्याची ईमेल आली. तारा हलत होता, पण भलताच जोरात. एवढं हलवणं ग्रहाचं काम नव्हे.

मी सरांना फोन लावला.

"मग तो छोटा तारा असणार," ते म्हणाले. "अशा जोड्या ढीगभर मिळतात. सोड त्याला, पुढचा बघ."

माझं तोंड उतरलेलं बघून आईने विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. ग्रह नव्हता तो."

"मग काय होतं?"

तारा होता, असं म्हणायला गेले आणि अडखळले. सर बोलले ते अंदाजाने. वजन त्यांनीही काढलं नव्हतं, मीही नाही. आईला तशीच पलंगावर बसवून मी कॉम्प्युटरकडे गेले. उजेड किती कमी होतो त्यावरून आकार आला गुरू ग्रहाएवढा. वजन मात्र गुरूच्या कितीतरी पट, आणि तरीही तारा पेटायला लागतं त्याहून कमी. मी पुन्हा गणित केलं. तेच उत्तर. मग वेगळ्या रीतीने केलं. तेच.

ग्रह आणि तारा यांच्या मधल्या या गोळ्याला तपकिरी बटू म्हणतात. असे बटू माहीत होते, पण आपल्या ताऱ्यासमोरून जाणारे, ज्यांचा आकार आणि वजन दोन्ही मोजता येतं, असे तोवर अगदी मोजके सापडले होते.

सरांना परत फोन केला. आलेलं उत्तर सांगितलं. ते म्हणाले, "आकडे पुन्हा वाच. हळू."

मी वाचले.

"अजून मोजमापं मागवतो. तोवर कुणाला बोलू नकोस."

आईला न सांगून कसं चालेल? तिला म्हटलं, "तुझे दोन सारखे डबे घे. एकात कुरमुरे, दुसऱ्यात ज्वारी. लांबून सारखेच दिसतात. आमचा ज्वारीचा निघाला."

"मग सरांना काय वाटलेलं?"

"त्यांनी उचलूनच नव्हता बघितला."

ती इतकी हसली की तिचा गुडघा दुखला.

मला घरात बसवेना. दूध संपलेलं नसताना दूध आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "आज बहुत खुश हो, नौकरी लगी क्या?" मी म्हटलं, "उससे भी बढिया."

नवी मोजमापं यायला बरेच महिने लागले. तोवर आई काठीशिवाय चालायला लागली होती. आकडे जुळले. आमचा लेख छापून आला, त्यात माझं नाव पहिलं घालायचं सरांनीच ठरवलं.

त्या संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा बाबा मला गच्चीवर घेऊन गेले. आयुष्यभर ऑफिसात फायली हाताळलेला माणूस, त्यांना फक्त त्या ताऱ्याची जागा बघायची होती. मी वरसावे गावाच्या बाजूला, डोंगराच्या जरा वर बोट दाखवलं.

"साध्या डोळ्यांनी दिसत नाही, बाबा."

"असू दे," ते म्हणाले, आणि मान वर करून तिकडेच बघत राहिले. खालून आई जेवायला हाका मारत होती.