बाल्कनीखालचा कंद

सिंगापूरमधल्या बेडोकजवळच्या आमच्या काँडोत आम्ही तळमजल्यावर राहतो. मागच्या दाराबाहेर दीड मीटर रुंदीची मातीची पट्टी आहे. तिच्या एका बाजूला कुंपणाची भिंत आणि डोक्यावर पहिल्या मजल्याची बाल्कनी, त्यामुळे ऊन तिथे फक्त सकाळी तिरपं येऊन जातं. तुळस मेली, मोगरा मेला. जमिनीत आणि कडेच्या कुंड्यांत अळू मात्र असं माजलं, की एकेक पान सुपाएवढं व्हायचं.

त्या अळूच्या वड्या वरच्या मजल्यावर जायच्या. वर पुण्याचं जोडपं राहतं. मला अळकुड्या सोलून मिळाल्या तर त्या बाईच्याच हातून, आणि वड्या खायला सगळ्यात पुढे तिचा नवरा. "वहिनी, तुमच्या वडीला खाज नाही, हीच तुमची पदवी," असं म्हणून तो शेवटची वडीही उचलायचा.

मग एक दिवस ऑफिसातून आले तर पट्टी रिकामी. मॅनेजमेंटच्या माणसांनी अळू मुळासकट उपटून नेलं होतं. दाराला नोटीस: कुंड्यांखाली पाणी साचतं, डासांची पैदास होण्याचा धोका, रहिवाशाची तक्रार. मी हिशेब तपासायचं काम करते. कुंडीखालच्या बशीत पाणी ठेवणारी बाई नव्हे मी. प्रत्येक बशीत काठोकाठ वाळू होती. नोटिशीला पुरावा म्हणून एक फोटो जोडला होता. फोटो सरळ वरून खाली काढलेला. कुंड्यांची तोंडं पूर्ण गोल दिसत होती, बाजू अजिबात दिसत नव्हती. असा फोटो जगात एकाच जागेवरून काढता येतो.

वरच्या त्या नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "कोणीतरी नतद्रष्ट असेल, वहिनी. लोकांना बघवत नाही." हे म्हणताना त्याच्या हातात माझ्याच फ्रीझरमधल्या जुन्या वड्यांची ताटली होती.

मी त्या दिवशी ठरवलं, की हा माणूस तोंडाने कबूल करेल किंवा नाकाने फेडेल.

अळूच्याच कुळातलं एक झाड भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत होतं. इंग्रजीत त्याला ड्रॅगन अरम म्हणतात. जमिनीत सुरणासारखा कंद, वर सापाच्या कातडीसारखा ठिपक्यांचा दांडा, आणि फूल हातभर लांब, काळपट जांभळं. त्या फुलाला सडलेल्या मांसाचा वास येतो. माश्यांना बोलवायची त्याची ती पद्धत. झाडाला सावली चालते. वास वर चढतो. वर, रविवारी सकाळी, हे गृहस्थ बाल्कनीत मित्रांना बोलावून मिसळ खिलवतात आणि स्वच्छतेवर बोलतात.

सूड घ्यायचा तर कागदपत्रांत खोट नको. मी आयातीचा परवाना काढला, विकणाऱ्याकडून रोग नसल्याचा दाखला मागवला, आणि दोन कंद रीतसर घरी आले. आधी एकच लावला. अर्धी माती काढून टाकली, जाड वाळू आणि विटांचा चुरा भरला, कारण इथल्या पावसात कंद आधी कुजतो आणि मग उगवायचा विचार करतो. पान आलं, बोटांसारखं फाटलेलं, देखणं. फूल आलं नाही. पान पिवळं पडलं तेव्हा वाचून कळलं, की त्याला थंडीचा ऋतू लागतो. सिंगापूरमध्ये थंडीचा ऋतू ऑफिसात आणि फ्रिजमध्येच असतो.

कंद उकरला, तो लावला होता त्यापेक्षा मोठा निघाला. धुतला नाही, नुसता झटकला, सुकवला. मग दोन्ही कंद वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. शेजारी थर्मामीटर. सहा ते आठ अंश. रोज संध्याकाळी मी कप्पा उघडून आकडा बघायची.

"मम्मी, यू आर स्केरी, लाह," मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली.

"काय झालं घाबरण्यासारखं? झाडच आहे."

"झाड नॉट स्केरी. तू."

त्याच सुमाराला माझी आई पुण्याहून राहायला आली. एका संध्याकाळी मी कप्पा उघडला तर पुडी एकच. मोठी गायब.

"आई, इथला कंद?"

"तो सुरण होय? वरच्या मुलीला दिला. आज संकष्टी ना, तिच्या नवऱ्याचा उपवास. बिचारी आपल्या भाजीसाठी लिटल इंडियापर्यंत कुठे जाणार? म्हणाली, मावशी, सुरण आहे का घरात? मी म्हटलं, आहे की. एवढा जपून ठेवलाय कागदात."

मी फ्रिजचं दार धरून उभी राहिले. खोटं कशाला लिहू, पहिला विचार आनंदाचाच होता. सुरणाला चिंच लावली, उकडला, की त्याची खाज मरते. हा कंद चिंचेला दाद देत नाही, असं मी वाचलं होतं. त्याची जीभ सुजेल. ज्या जिभेने नतद्रष्ट म्हणाला ती. मी ती जीभ डोळ्यांसमोर आणली आणि मला बरं वाटलं. मग घशाचा विचार आला. जीभ सुजते तर घसाही सुजतो, आणि घसा सुजला की श्वास. शिवाय भाजी करणारी चव बघते. मला त्याचं नाक हवं होतं. बाकी काही माझ्या हिशेबात नव्हतं. फ्रिज उघडा राहिला म्हणून वाजायला लागला तेव्हा मी जिना चढत होते.

दार त्याने उघडलं. "या वहिनी! अगदी वेळेवर. तुमच्याच आईंचा सुरण."

"खाल्लात?"

"अजून नाही. शिजतोय."

मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद केला. त्याची बायको सिंकपाशी हातांना खोबरेल चोळत उभी होती. मनगटांपर्यंत लाल झाली होती.

"कसला गं हा सुरण, हात नुसते पेटलेत," ती म्हणाली.

"सुरण नाही तो. विषारी आहे. चव घेतलीस?"

"नाही. मीठ घालायचंय अजून."

"मग टाकून दे. भांड्यासकट."

तो दारात येऊन उभा राहिला. "विषारी? आणि तुम्ही फ्रिजमध्ये ठेवलात? भाज्यांत?"

"फुलाचा कंद आहे. त्याच्या फुलाला मेलेल्या जनावराचा वास येतो. तुमच्या बाल्कनीखाली लावणार होते."

"आमच्या? का पण?"

"अळूसाठी."

बायकोने नळ बंद केला. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"अळूचं काय?" तिने त्याला विचारलं. "अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"अगं, तक्रार अशी नव्हतीच ती. मी नुसता फोटो पाठवला होता."

मी शेगडीवरच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"नुसता फोटो?" ती म्हणाली. "आणि वर मला सांगायचात, खाली जा, वड्या झाल्यात का बघून ये? मी त्यांच्या दारात डबा घेऊन उभी राहायची!"

"डास होते गं..."

"डास? मला एक चावला नाही. तुम्हालाच बरे चावले!"

तिचे हात तेलाने चमकत होते आणि ती ते त्याच्या तोंडासमोर नाचवत होती. मी तिला म्हटलं, हात डोळ्यांना लावू नकोस, जास्त सुजले तर डॉक्टरकडे जा. आणि खाली आले.

रात्री त्याचा मेसेज आला: सॉरी वहिनी, गैरसमज झाला. फोटो गैरसमजाने निघत नाहीत.

दोन दिवसांनी लिफ्टपाशी भेटला. बायकोचे हात बरे आहेत, म्हणाला. मग हळूच, "तो दुसरा कंद... टाकलात ना?"

"लावला."

"कुठे?"

"तुमच्या बाल्कनीखाली. तिथेच सावली आहे."

आता त्याला कोंब आलाय. वीतभर ठिपकेदार दांडा, वर घट्ट गुंडाळलेलं टोक. रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो कठड्यावरून वाकून बघतो. रविवारची मिसळ त्याने घरात, खिडक्या लावून, एसी चालू करून सुरू केलीय. परवा माझ्या मुलीला गाठून विचारलं, कधी उमलणार? ती म्हणाली, "एनी डे नाऊ, अंकल." मी तिला असं सांगायला शिकवलं नव्हतं, पण रागावलेही नाही.

ते टोक फुलाचं आहे की नुसत्या पानाचं, हे अजून मलाही ओळखता येत नाही. लहान कंद आहे, बहुतेक पानच असेल. त्याला मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.